आडवाटेला बाईक नेताना: ट्यूब, ओढा आणि पाणंद (ठाणे–नवी मुंबई परिसर)

चाकोरी (धागाकर्ता)

पाऊस ओसरला की ठाणे, ऐरोली, पनवेलकडच्या बाईक मुरबाड, शहापूर, कर्जत, जव्हारच्या दिशेने निघतात. नेटवर मिळणारी बहुतेक माहिती मात्र लडाखची, नाहीतर वाळवंटाची. आपल्याकडे ना वाळू, ना विरळ हवा. आपल्याकडे काळा कातळ, त्यावरचं शेवाळ, ओढ्यातले गोल गोटे, सुटा मुरूम, बाभळीचे काटे आणि अंगातलं पाणी काढणारा दमट उकाडा. म्हणून इथल्या जमिनीपुरता हा धागा.

गृहीत धरलेली बाईक: पुढे २१ इंची चाक, तारांच्या रिम, आत ट्यूब. म्हणजे एक्सपल्स, हिमालयन, केएलएक्स वगैरे. अलॉय चाकांच्या १९ इंचीवाल्यांनी वाचावं, पण दगडात रिमला पोचा पडला तर तारांची रिम ठोकून चालवण्याइतकी सरळ होते, अलॉयला तडा जातो, हे लक्षात ठेवूनच वाट निवडावी.

आडवाटेवर इंजिन क्वचितच दगा देतं. बाईक अडते ती फाटलेल्या ट्यूबने, मोडलेल्या क्लच लीव्हरने, फिल्टरमध्ये गेलेल्या पाण्याने. तिन्हींची तयारी घरी, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये होते. घरी मागचं चाक एकदाही न उतरवलेल्याने शहापूरच्या पुढे डांबर सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात हवेपासून. हायवेला कंपनीने सांगितलेली हवा. डांबर संपलं की थांबून पुढे १८–२०, मागे २०–२२ पीएसआय. हवा कमी केली की टायर जमिनीला जास्त चिकटतो आणि छोट्या दगडांवर हँडल उडत नाही. परत डांबरावर आल्यावर ती भरायची असते. ८० च्या वेगाने १८ पीएसआयवर चालवलं तर टायरची बाजू दुमडत राहते, गरम होते आणि पॅच सुटतो. त्यामुळे पंप आणि छोटा प्रेशर गेज जवळ हवाच. हाताने दाबून हवा ओळखणाऱ्यांनी एकदा गेज लावून पाहावा, अंदाज पाच-सात पीएसआयने सहज चुकतो.

खारघर_२१इंच

चांगला धागा. माझं मत, मुरूम आणि चिखलासाठी १८ जास्तच आहे. १४–१५ ला पकड दुप्पट होते.

कळवा_पानापक्कड

खारघर, १४ पीएसआय रिम लॉक (टायरची कड रिमला दाबून धरणारा तुकडा) असलेल्या चाकाला ठीक. आपल्या बाईकना कारखान्यातून रिम लॉक येत नाही. हवा इतकी कमी असली की जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो, आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटते. त्या जागी पॅच बसत नाही, ट्यूब टाकूनच द्यावी लागते. दुसरं कारण गोटे. टायर दगडावर आपटून रिमपर्यंत दबला की ट्यूब दगड आणि रिमच्या कडेत चिरडते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. पंक्चर काढताना एकच भोक बुजवून चाक चढवणारे याच ठिकाणी फसतात. असं पंक्चर दिसलं की दुसरं भोक शोधायचंच.

यासाठीच एक जुनी युक्ती: ट्यूबच्या व्हॉल्व्हवरचा नट रिमला घट्ट आवळू नका, टोपीपर्यंत वर नेऊन ठेवा. टायर सरकायला लागला की व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो. तिरका दिसला की हवा सोडून टायर सरळ करायचा. नट रिमला आवळलेला असला तर तिरकेपणा दिसत नाही, थेट फाटल्यावरच कळतं.

नवशिक्या_घणसोली

चाक उतरवण्यापासून ट्यूब बदलेपर्यंत क्रमाने कुणी सांगेल का? व्हिडिओत सगळे दोन मिनिटांत करतात, पार्किंगमध्ये दोन तास जातात. मागच्या १८ इंची टायरचं विचारतोय.

कळवा_पानापक्कड

सांगतो. आधी सामान: टायर लीव्हर दोन लांब, एक आखूड (गॅरेजवाल्यांची टॉमी), ॲक्सल नटाचा पाना, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी, पॅच, सोल्युशन, खरकागद, टाल्कम पावडर छोट्या डबीत, पंप, जुनं सुती फडकं. बाईकसोबत आलेला पाना अनेकदा मऊ पत्र्याचा असतो, पंक्चरवाल्याने गनने आवळलेला नट त्याने हलत नाही. म्हणून एकदा घरी तो नट सोडवून, ॲक्सलला ग्रीस लावून, हाताने आवळून ठेवा.

मेन स्टँड नसलेली बाईक साइड स्टँडवर लावा. पुढच्या ब्रेकचा लीव्हर रबराने किंवा पट्ट्याने हँडलला बांधा, म्हणजे बाईक पुढे सरकत नाही. उजव्या बाजूने स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणारा दांडा) काठी किंवा दगड देऊन चाक चार बोटं उचला. बॅश प्लेटखाली (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) दगडांची चळत लावली तरी चालते, पण ती डुलते. चेनचे ॲडजस्टर किती खुणांवर आहेत ते पाहून ठेवा, मग ॲक्सल काढा. ब्रेकच्या बाजूला आणि चेनच्या बाजूला असलेले बुश (ॲक्सलवरच्या छोट्या नळ्या) वेगवेगळ्या लांबीचे असतात. काढल्या क्रमाने फडक्यावर मांडा. चाक निघाल्यावर पायाने मागचा ब्रेक दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटले की डिस्क आत जात नाही.

हवा पूर्ण सोडा, पिनही काढा. आता टायरची कड रिमपासून सुटी करायची. टाचेने दाबून निघाली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या बाईकचा साइड स्टँड टायरच्या कडेवर टेकवून ती बाईक हळूच त्यावर झुकवा. दोन्ही बाजू सुट्या करा.

आणि आता ज्यावर सगळे अडतात ते. रिमचा मधला भाग खोल असतो. तुम्ही व्हॉल्व्हजवळ लीव्हर लावता तेव्हा बरोबर समोरची कड गुडघ्याने दाबून त्या खोलगट भागात बसवली पाहिजे. ती बसली की इकडे सैल पडतं आणि कड दोन बोटांच्या जोराने वर येते. ती बसली नसेल तर कितीही जोर लावा, लीव्हर वाकेल किंवा ट्यूब फाटेल. जोर लावावा लागतोय म्हणजे समोरची कड वर आलीय, एवढं समजा. लीव्हरने एका वेळी दोन इंचच घ्या. काढताना सुरुवात व्हॉल्व्हपाशी, बसवताना शेवट व्हॉल्व्हपाशी. व्हॉल्व्ह असतो तिथे ट्यूबचा जाड भाग खोलगट जागा अडवतो, म्हणून तो भाग समोर ठेवून चालत नाही.

ट्यूब बाहेर काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा, बोटं नको. फडकं जिथे अडकेल तिथे काटा. बाभळीचा काटा बाहेरून तुटलेला असतो आणि आतून केसाएवढा दिसतो. तो न काढता नवी ट्यूब घालणं म्हणजे अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात.

नवी ट्यूब आकार धरण्यापुरती फुगवा, पावडर लावा, व्हॉल्व्ह रिममध्ये घालून नट दोन आटे लावा. शेवटची कड चढवण्याआधी व्हॉल्व्ह आत ढकलून पाहा, ट्यूब कडेखाली सापडलेली नाही ना. मग कड चढवा. हवा ३५–४० पर्यंत भरा. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की टायर बसला. नाही दिसली तर हवा सोडून कडेला साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. मग २० वर आणा.

सरावाने वीस-पंचवीस मिनिटं. दोन मिनिटांचा व्हिडिओ कापलेला असतो.

बेलापूरची_नाळ

यात दोन गोष्टी घालतो. सुटी ट्यूब एकच नेणार असाल तर २१ इंची न्या. अडचणीला ती मागच्या १७ किंवा १८ इंची टायरमध्ये घड्या न पाडता नीट बसवून घरापर्यंत येता येतं. १८ ची ट्यूब पुढे २१ मध्ये ताणून बसवणं जास्त धोक्याचं. दुसरं, पॅचचं सोल्युशन लावल्यावर लगेच पॅच चिकटवू नका. बोट लावल्यावर चिकट लागेनासं झालं की मगच. कोरड्या जानेवारीत पाच मिनिटं, पावसाळी दमट हवेत दहाही लागतात. आणि सोल्युशनची उघडलेली ट्यूब काही महिन्यांत आतच सुकते. निघताना दाबून पाहा. सीलबंद नवीच नेली तर उत्तम.

वर्तकनगर_४व्ही

तारांच्या रिमना आतून टेप लावून ट्यूबलेस करून देतात. हा सगळा त्रासच नको.

कळवा_पानापक्कड

डांबर आणि कच्च्या रस्त्यापुरतं चालतं. आडवाटेला दोन अडचणी. ट्यूबच्या रिमला टायरची कड अडवणारा उंचवटा बहुधा नसतो, त्यामुळे कमी हवेवर बाजूने दगड लागला की कड निसटते आणि क्षणात हवा जाते. आणि रिमला पोचा पडला की टेप असो नसो, हवा टिकत नाही. मग शेवटी ट्यूबच घालावी लागते. म्हणजे सुटी ट्यूब आणि लीव्हर नेणं काही टळत नाही. कामाला जायला वापरणारी बाईक असेल तर करा.

मुरबाडकर

जाड, हेवी ड्यूटी ट्यूबबद्दल: काट्याला फारसा फरक पडत नाही, चिरडण्याला पडतो. मात्र ती जड असते आणि हायवेवर तापते. ठाण्याहून टोकावडं गाठायलाच तासा-दोन तासांचं डांबर. पुढच्या चाकात जाड, मागे साधी असं ठेवलं तर बरं. दगडावर आधी पुढचंच चाक आपटतं.

चाकोरी

धन्यवाद सगळ्यांना. आता बाईकवर करायच्या छोट्या कामांचं. क्लच आणि ब्रेक लीव्हरच्या क्लॅम्पखाली नळाचं टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा आणि बोल्ट इतकाच आवळा, की हाताने जोर लावल्यावर क्लॅम्प हँडलवर फिरेल. बाईक पडली की लीव्हर फिरतो, मोडत नाही. घट्ट आवळलेला लीव्हर पहिल्याच पडण्यात मोडतो. नकल गार्ड (मुठींपुढचं कवच) प्लास्टिकचे असले तर ते फांद्यांपासून वाचवतात, पडण्यापासून नाही. आत ॲल्युमिनियमची पट्टी असलेले घ्या.

सुटी क्लच केबल पिशवीत न ठेवता चालू केबलच्या शेजारून, त्याच वळणांनी, दोन्ही टोकं टेपने बंद करून बांधून ठेवा. केबल तुटली की नुसती टोकं बदलायची, टाकी काढायची नाही.

तारा: प्रत्येक फेरीआधी छोट्या पान्याने एकेक तार हलकेच वाजवा. घट्ट तार टणटणते, सैल तार बद्द आवाज करते. एक सैल तार शेजारच्या दोघींवर भार टाकते आणि मग त्या तुटतात. नव्या बाईकच्या तारा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसतात, तेव्हा नक्की बघा.

खारघर_२१इंच

एअर फिल्टर राहिला. जानेवारीपासून धूळ पिठासारखी उडते. कागदी फिल्टर हवा मारून साफ करण्याचा मोह होतो. तेलकट कागदाचा असेल तर मारू नका, बदला. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, सुकवून, फिल्टरचं तेल लावून पिळा. आणि पुढच्या बाईकच्या धुळीत चालवू नका. धूळ बसेपर्यंत अंतर ठेवा, फिल्टर आणि डोळे दोन्ही वाचतात.

फोर्कच्या (पुढच्या शॉकच्या) सीलमध्ये चिखल सुकला की तेल गळायला लागतं. दरवेळी सील बदलायची गरज नसते. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापा, टोक आकड्यासारखं करा, धूळटोपी खाली सरकवून सीलच्या कडेने फिरवा. अडकलेला कण निघाला की गळती अनेकदा थांबते. तेल ब्रेकच्या डिस्कवर गेलं नाही ना, हे मात्र बघा.

बेलापूरची_नाळ

चेनबद्दल एक. खाली-वर जास्त होणाऱ्या सस्पेन्शनला चेन सैलच लागते. स्टँडवर नीट वाटणारी चेन बसल्यावर आणि खड्ड्यात दबल्यावर ताणते, आणि भार थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. मॅन्युअलमधल्या मापाच्या सैल बाजूला ठेवा. चिखलाच्या फेरीआधी चेनवर वंगण चोपडू नका, चिखल आणि वंगण मिळून खरकागद होतो. परतल्यावर धुऊन लावा.

चढासाठी गिअरिंग बदलायचं असेल तर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने लहान करणं म्हणजे मागचं साधारण तीन दातांनी मोठं करण्याइतकंच. पुढचं स्वस्त, अर्ध्या तासाचं काम. पण चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मवरची रबरी पट्टी लवकर झिजते, ती अधूनमधून पाहा.

नवशिक्या_घणसोली

सस्पेन्शनचं काय? वजन ८५ किलो, वर सामान. मागचं सारखं तळाला टेकतं.

बेलापूरची_नाळ

मोजून घ्या. बाईक उचलून मागचं चाक हवेत असताना ॲक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग सगळा सरंजाम घालून बसा, दोन्ही पाय फूटपेगवर, कुणीतरी धरा, पुन्हा मोजा. फरक एकूण ट्रॅव्हलच्या (चाक खाली-वर होण्याच्या अंतराच्या) साधारण ३० टक्के हवा. एक्सपल्स २०० ४व्ही ला मागे १७० मिलिमीटर आहे, म्हणजे ५० च्या आसपास. ७० आला तर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवा. शेवटच्या खाचेवरही ७०च राहत असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे, प्रीलोडने ते सुटणार नाही. आणि आधी सामान कमी करा. लोखंडी बॉक्स आडवाटेला नको. पाय अडकून मोडण्याची ती हमखास जागा. मऊ पिशव्या बांधा.

वर्तकनगर_४व्ही

ओढ्यांबद्दल लिहा कुणी. ऑक्टोबरात शहापूर-जव्हारकडे सगळीकडे पाणी असतं.

मुरबाडकर

पहिला नियम: पायी उतरून बघायचं. बूट भिजतील, भिजू द्या. गुडघ्याच्या वर पाणी आणि ओढ असेल तर बाईक नाही. पाण्याचा तळ दिसत नसेल तर काठीने चाचपा. गोटे डोक्याएवढे असतील तर बसून, पाय दोन्हीकडे टेकवत, पहिल्या गिअरमध्ये. तळ मुरमाचा असेल तर उभं राहून, दुसऱ्यात, एकसारख्या ॲक्सिलरेटरवर. नजर समोरच्या काठावर. पाण्याकडे बघितलं की प्रवाहाबरोबर हँडल आपोआप वळतं. प्रवाहाच्या किंचित खालच्या दिशेने तिरकं जा. वरच्या दिशेने जायला गेलात की पाणी पुढच्या चाकाला रेटतं.

सगळ्यात फसवं म्हणजे सिमेंटचा फरशीपूल. पाणी वीतभर असतं, खाली हिरवं शेवाळ. त्यावर ब्रेक नाही, गिअर बदलणं नाही, हँडल वळवणं नाही. सरळ, सावकाश. आणि पावसाळ्यात डोंगरात ढग दिसत असतील तर इथे पाऊस नसला तरी ओढा थोड्या वेळात फुगतो. पलीकडे जाण्याआधी परत यायचं आहे, हे आठवा.

कळवा_पानापक्कड

आणि बाईक पाण्यात पडलीच तर: चालू असेल तर किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबा. बंद पडली असेल तर स्टार्टरला हात लावू नका. हीच चूक इंजिन घालवते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर फिरवला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग टेम्पोच.

काठावर आणा. दोघांनी मिळून बाईक मागच्या चाकावर उभी करा, सायलेन्सरमधलं पाणी ओता. सीट काढा, एअरबॉक्सची (फिल्टरच्या डब्याची) खालची नळी उघडा. फिल्टर ओला असेल तर काढा. प्लग काढा. प्लगच्या टोपीची जोडणी सुटी करून बाजूला ठेवा, उघड्या भोकाजवळ ठिणगी पडता कामा नये, कारण आतून पेट्रोलची वाफही येते. आता इग्निशन बंद ठेवून, वरचा गिअर टाकून, मागचं चाक हाताने फिरवा. प्लगच्या भोकातून पाणी उडेल. उडायचं थांबलं की मगच, प्लग बाहेर ठेवूनच, स्टार्टरचे दोन-तीन छोटे झटके. प्लग पुसून बसवा.

सुरू करण्याआधी ऑइलची काच बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. तसं चालवून घरी येऊ नका. जवळच्या गावात ऑइल बदला, पाच मिनिटं चालू ठेवा, पुन्हा काढा, रंग स्वच्छ येईपर्यंत. ऑइलच्या दोन बाटल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात.

खारघर_२१इंच

नवशिक्यांसाठी: पडल्यानंतर बाईक सुरू झाली नाही तर घाबरू नका. बऱ्याच फ्युएल इंजेक्शनच्या बाईकना आडवं पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. किल्ली बंद करून पुन्हा चालू करा. तरीही गिअरमध्ये टाकल्यावर बंद पडत असेल तर साइड स्टँडचा स्विच बघा, चिखलाने तो अडकतो. पाण्याने धुऊन हाताने हलवा.

नवशिक्या_घणसोली

चढावर मध्येच बंद पडली तर? मुरमावर पुढचा ब्रेक दाबला तरी बाईक मागे घसरते.

चाकोरी

घसरणारच. चढावर वजन मागच्या चाकावर असतं, पुढचं हलकं. म्हणून बंद पडली की गिअर काढू नका आणि क्लच दाबू नका. बाईक पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद, क्लच सोडलेला: मागचं चाक इंजिनने अडकून राहतं. हाच तुमचा हँडब्रेक. मग श्वास घ्या, डोंगराच्या बाजूला उतरा, कधीही दरीच्या बाजूला नाही. हँडल डोंगराकडे वळवा, क्लच किंचित दाबून एक फूट मागे येऊ द्या, सोडा. पुन्हा वळवा, पुन्हा एक फूट. बाईक आडवी झाली की तोंड खाली करून उतरवा. पुन्हा सपाटीवरून चढ घ्या. मधूनच सुरू करून चढवायला गेलं की मागचं चाक खड्डा खणतं आणि क्लच जळतो. जळक्या वासाला थांबा, दहा मिनिटं थंड होऊ द्या.

उतरताना पहिला गिअर, क्लच सोडलेला, मागचा ब्रेक हलका, पुढचा एका बोटाने. मागच्या चाकाचा एबीएस बंद करता येत असेल तर करा, सुट्या मुरमावर एबीएस ब्रेक सोडत राहतो आणि बाईक थांबतच नाही.

मुरबाडकर

तंत्र झालं, आता वाट कुणाची ते. आपल्याकडे 'मोकळी जागा' नावाची गोष्ट नसते. एकतर कुणाचं शेत, नाहीतर वनखातं, नाहीतर गुरचरण.

गावाची पाणंद आणि गाडीवाट गाव नकाशात तुटक रेषांनी दाखवलेली असते. महाभूनकाशावर (जमिनींचे सरकारी ऑनलाइन नकाशे) गट आणि हद्दी पाहता येतात. तिथून जायला हरकत नाही, पण ती शेतकऱ्याची बैलगाडी जायची वाट आहे. चिखलात चाक फिरवून तिथे नाली पाडली तर पुढच्या पावसात तिचा ओढा होतो. भाताच्या बांधावर बाईक कधीही नाही, बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं. उन्हाळ्यात जे काळं, जाळलेलं वावर दिसतं तो राब, भाताच्या रोपांसाठी भाजलेली जमीन. तो रिकामा प्लॉट समजून त्यावर गोल फिरवणारे महाभाग असतात. राखेखाली निखारेही असू शकतात.

बंद जागा: येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तानसा, तुंगारेश्वर, कर्नाळा, भीमाशंकर ही अभयारण्यं, वन्यजीव कायदा १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय आत जाता येत नाही. माथेरानला दस्तुरीच्या पुढे वाहनबंदी, आणि धोदाणीकडून वर जाणारी पायवाट ही पायवाटच. वैशाखऱ्याहून चढणारी नाणेघाटाची नाळही तशीच, तिथे बाईक चढवण्याचे बेत इथे लिहू नयेत. जंगलात झाडी काढून केलेला सरळ पट्टा दिसला तर ती वनखात्याची वणवा अडवायची जाळरेषा, रस्ता नाही. फेब्रुवारीनंतर वाळल्या गवतात गरम सायलेन्सरची बाईक उभी करू नका. वणवा असाही लागतो.

बेलापूरची_नाळ

नवी मुंबईकरांसाठी पुरवणी: खाडीकाठच्या खारफुटीत 'चिखलाचा सराव' करायला जाऊ नका. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). शिवाय खाजणाचा खारा चिखल तारांच्या निपलमध्ये (रिमजवळचे छोटे नट) बसला की ते गंजून जाम होतात. पांडवकड्याकडे पावसाळ्यात प्रवेशबंदी लागते, तीही पाळा. सरावाला साधं मैदान पुरतं: दोन बाटल्या सहा-सात पावलांवर ठेवून उभं राहून इंग्रजी आठाचा आकडा, पाय न टेकवता. तो जमला की चाकोरीतून बाईक काढता येते.

मुरबाडकर

वाट विचारण्याबद्दलही. "ही वाट खांडसला जाते ना?" असं विचारलं की समोरचा भिडेपोटी हो म्हणतो. "ही वाट कुठे जाते?" असं विचारा. आणि "गाडी जाते का?" विचारू नका, बैलगाडीही गाडीच. "कुणाची मोटारसायकल गेली आहे का, यंदाच्या पावसानंतर?" असं विचारलं की खरं उत्तर येतं. गुरं आली तर बाजूला थांबून इंजिन बंद. पाड्यातून जाताना पहिल्या-दुसऱ्या गिअरची पावलाची चाल. आपला ट्रॅक सगळ्यांना वाटू नका. एका रविवारी चाळीस बाईक आल्या की गाव पाणंदीवर दगड टाकतं, आणि बरोबरच करतं.

वर्तकनगर_४व्ही

एकट्याने जायचं की नाही यावर कुणी लिहिलं नाही.

चाकोरी

आडवाटेला किमान तिघं. एक पडला तर एक थांबतो, एक मदत आणायला जातो. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. एवढा एक नियम पाळला तर कुणी हरवत नाही. फोनचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, डोळखांबच्या पुढे रेंजचा भरवसा नाही. चांगला कॅमेरा असलेला फोन थेट हँडलवर लावू नका, थरथरीने कॅमेऱ्याचं लेन्स स्थिर ठेवणारं यंत्र बिघडतं.

वेळ: आडवाटेचे २५ किलोमीटर म्हणजे तीन तास धरा. पेट्रोल डांबरावरच्या हिशोबाने मोजू नका, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मायलेज बरंच उतरतं. तालुक्याच्या गावात टाकी भरून पुढे.

खारघर_२१इंच

पाणी माणशी तीन लिटर, ओआरएसच्या पुड्या चार. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. बूट घोट्याच्या वर असलेले, गुडघ्याला गार्ड. बाकी अंगावर घालायच्या सामानावर वेगळा धागा काढा, नाहीतर इथे शंभर प्रतिसाद जॅकेटवरच येतील.

मुरबाडकर

सापांचं लिहितो आणि थांबतो. उंच बूट त्यासाठीही. दगडांची चळत लावताना, स्टँडखाली दगड घेताना आधी बुटाने उलटवा. फुरसं लहानसं असतं आणि दगडाखाली बसतं. चावलाच तर आवळून बांधणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही. अंगठी, घड्याळ काढा, तो हात किंवा पाय काठीला सैल बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. १०८ ला फोन. रुग्णवाहिका पोचण्यासारखी नसेल तर त्याला मध्ये बसवून, मागे एक धरणारा घेऊन, जवळचं ग्रामीण रुग्णालय. शहापूर, कर्जतला उपजिल्हा रुग्णालयं आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. चावल्याची वेळ तेवढी लिहून ठेवा.

नवशिक्या_घणसोली

शेवटचा प्रश्न. साइड स्टँड मऊ जमिनीत रुततो, बाईक पडते. मोठी प्लेट लावावी का?

कळवा_पानापक्कड

लावा, तळहाताएवढी. पण जाड नको. स्टँडची उंची वाढली की बाईक सरळ उभी राहते आणि उजवीकडे कलंडते. चार मिलिमीटरचा पत्रा पुरे. तोपर्यंत रिकामी पाण्याची बाटली चपटी करून स्टँडखाली ठेवा, आणि निघताना ती उचलून घ्या.